जमीन हलते, मी नाही

१३ जुलै, रविवार

इथल्या, रायपूरच्या, समता कॉलोनीतल्या डॉक्टरनं सांगितलं, "माताजी, एक कॉपी रखो. जब-जब चक्कर आए, टाइम लिखो." म्हणून ही वही. पहिल्याच पानावर स्वच्छ लिहून ठेवते. मले चक्कर येत नाही. जमीन हलते.

झालं असं. गुरुवारी आषाढ पौर्णिमा झाली, वर्षावासाचे तीन महिने लागले. दर पौर्णिमेले मी अष्टशील घेते. त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्नाले हात लावत नाही अन् उंच, मऊ बिछान्यावर झोपत नाही. या वर्षी म्हटलं, बिछान्याचं शील पुरे तीन महिने पाळायचं. गादी गुंडाळून कपाटावर टाकली अन् हॉलमध्ये फरशीवर सतरंजी अंथरली.

शुक्रवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी खालून बारीक थरथर आली. कमरेचं हाड, खांदा, डोक्याची मागची बाजू, जिथं जिथं अंग फरशीले टेकलं होतं तिथं तिथं. दातावर दात ठेवला तं दातातही. उठून उभी राहिली तं गायब, पुन्हा आडवी झाली तं पुन्हा हजर! भूकंप म्हणावं तं एक भांडं वाजलं नाही. बारा मिनिटांनी आपोआप बंद झालं.

यशदीपले फोन केला, ही माझी चूक. पोट्टा हैदराबादले असते. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. म्हणे, "आई, खाली पेट रहती हो, चक्कर आया होगा." सूनबाईनं, अपर्णानं, तिथूनच डॉक्टरचा नंबर लावून टाकला. बीपी बरोबर, शुगर बरोबर, कान बरोबर. तरी डॉक्टरनं गोळ्या दिल्याच. एकतीस वर्षं मी रेल्वेच्या दवाखान्यात ड्रेसर होती, जखमा धुतल्या अन् पट्ट्या बांधल्या. आजारी माणूस कसा दिसते ते मले कोणी शिकवू नये.

१५ जुलै

पहाटे ५.१० ते ५.२२. संध्याकाळी ६.३० ते ६.४२.

१६ जुलै

पहाटे ५.१० ते ५.२३. संध्याकाळी तेच. घड्याळ लावून येते अशी कोणती चक्कर असते हो, डॉक्टरसाहेब?

त्यात आणखी शेजारचं भजन. दुसऱ्या मजल्यावर आमची दोनच घरं, माझं अन् शामराव धोट्यांचं, मधात एक भिंत. शामरावजी रेल्वेतून मोठे बाबू होऊन निवृत्त झाले अन् आता सोसायटीचे अध्यक्ष आहेत. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा स्वानंद नागपूरले. होळीपासून पाय मुरगळला म्हणून ते खाली उतरत नाहीत, डबा वर येते. या माणसाच्या घरात मी आजवर भजन ऐकलं नव्हतं. आता पहाटे पाचले टेप सुरू अन् संध्याकाळी साडेसहाले पुन्हा, तोही भिंत फाडून. पाचलेच माझी बुद्धवंदना असते, मग पुन्हा घटकाभर पाठ टेकते. काहून लावून राहिले ते मले समजत नाही का? वीस वर्षं शेजारी राहून आता यांना माझं सरणं-शीलं टोचून राहिलं. मीही आज आवाज चढवला. खालच्या दूधवाल्यानं मान वर करून पाहिलं.

२० जुलै, रविवार

आज सगळ्या घरांची फेरी मारली. तुमाले जाणवते का, म्हणून विचारलं. पहिल्या मजल्यावरची शर्मिष्ठा बँकेत आहे, गोड पोट्टी. म्हणे, "आंटी, हमें तो कुछ नहीं लगता." तिचा पलंग पाहिला. वीतभर जाड गादी, वर आणखी एक नरम गादी, त्यात माणूस अर्धा बुडते. तिले कसं जाणवणार? म्हटलं, उद्या पहाटे पाचले ये अन् माझ्या सतरंजीवर पड. हसली, "आंटी, पाँच बजे?" म्हणाली अन् चहा ठेवायले गेली.

सगळीकडे तेच. कोणी खाली झोपत नाही, कोणाले काही जाणवत नाही, अन् सगळे माझ्या तोंडाकडे असे पाहतात की मीच हलून राहिली.

मग राहिली तळमजल्यावरची गुलाबरावची चक्की. चाळीस वर्षांचं जुनं धूड ते, दुसरं काय असणार? तिथंच भरल्या दुकानात बोलली, "गुलाबराव, तुमच्या चक्कीनं माझी हाडं दळून राहिली." तो बिचारा म्हणे, "मीराबाई, पहाटे पाचले कोण दळण आणते?" मी ऐकलं नाही. त्यानं रागात मेन स्विचच्या पेटीले कुलूप घातलं अन् चावी माझ्या हातात ठेवली. म्हणे, तीन दिवस चक्की बंद, पाहा तुमची जमीन हलते का.

२३ जुलै

तीन दिवस. चावी माझ्या उशाशी अन् जमीन हलतेच आहे.

सकाळी चावी परत केली. दुकानात पाच-सहा बाया दळणाचे डबे घेऊन तीन दिवसांच्या तुंबलेल्या उभ्या होत्या. सगळ्यांसमोर म्हटलं, "चुकली माझी, गुलाबराव." त्यानं चावी घेऊन पेटी उघडली. बाया बोलल्या, मी जिना चढेपर्यंत बोलून राहिल्या होत्या. लाज वाटली, खोटं काहून लिहू? पण चक्की नाही म्हणजे काहीच नाही, असं कोणी ठरवलं?

२९ जुलै

सोसायटीत लेखी तक्रार दिली होती. त्याचं उत्तर घ्यायले आज पहाटे साडेपाचलेच शेजारचं दार वाजवलं. शामरावजी लवकर उठतात हे भजनावरून माहीतच होतं. दार उघडायले पाच मिनिटं लावली. बनियन घामानं ओलीचिंब, गळ्यात टॉवेल, एक हात भिंतीले. म्हटलं, पंखा लावत जा जी. ते म्हणे, "हव, हव, लावतो." अन् लगेच पत्र पुढं केलं, जसं टेबलावर तयारच होतं.

पत्रात लिहिलं आहे, "अध्यक्षांनी स्वतः पाहणी केली. इमारतीत कुठलेही कंपन आढळले नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे." खाली सही.

मी विचारलं, "पाहणी कधी केली जी? माझ्या घरात तं पाऊल टाकलं नाही."

ते माझ्याकडे न पाहता म्हणे, "मीराबाई, वय झालं की होते असं. मनावर घेऊ नका."

मनावर घेऊ नका! माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा माणूस मले वय सांगते. मी घरी येऊन दार इतक्या जोरानं लावलं की माझंच कॅलेंडर खिळ्यावरून पडलं.

३ ऑगस्ट

५.१० ते ५.२४. पहिल्या दिवसापेक्षा दोन मिनिटं वाढली.

आज एक गोष्ट लिहायची आहे, जी यशदीपलेही सांगितली नाही. लहानू, माझा नवरा, सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये एकवीस वर्षं डंपर चालवत होता. घरी आला, आंघोळ केली, जेवला, आडवा झाला की म्हणे, "मीरा, अजून हलून राहिलं. डंपरवरून उतरलो पण अंग उतरलं नाही." किती वेळा म्हटलं असेल त्यानं? मी काय म्हणायची? "काही नाही होत, झोपा गुपचूप." दवाखान्यात परक्याच्या बोटाले काटा टोचला तरी मी भिंग घेऊन पाहायची, अन् घरच्या माणसाचं अंग रोज थरथरते म्हणते तं, झोपा गुपचूप! बारा वर्षं झाली त्याले जाऊन. हार्टनं गेला, थरथरीनं नाही, पण मी त्याचं ऐकलं नव्हतं हे खरं आहे अन् ते मले फार लागते.

म्हणून आता मी माझं तरी ऐकणार. सारं रायपूर नाही म्हणो.

११ ऑगस्ट, सोमवार

देवश्री येऊन गेली. माझ्याबरोबर दवाखान्यात नर्स होत्या त्या शांताबाईंची मुलगी, आता इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. पुलाची, मशीनची कंपनं मोजायचं यंत्र आहे तिच्याकडे. सोसायटीत बाहेरचं यंत्र आणायचं तं अध्यक्षांची परवानगी लागते, म्हणून चार दिवस आधी शामरावजींकडे तारीख-वेळ लिहून दिली होती. त्यांनी लगेच सही केली. चांगुलपणाच म्हणायचा.

संध्याकाळी सव्वासहाले तिनं माझ्या सतरंजीजवळ फरशीवर डबीएवढं यंत्र चिकटवलं. तार लॅपटॉपले. साडेसहा झाले, पावणेसात झाले, सात झाले. लॅपटॉपवर रेघ सरळ. महिनाभरात पहिल्यांदा आज काही आलं नाही! मले रडू कोसळलं, रागाचं.

पोरगी समजूतदार. म्हणे, "मीरामावशी, यंत्रानं आज काही धरलं नाही, एवढंच आज सांगता येते. तू खोटी असं होत नाही." मग समजावून सांगितलं. अंगाले कंपन कळायची एक हद्द असते, पण ती सगळ्यांची सारखी नसते. पुस्तकात जी रेघ मारली आहे तिथं शंभरातल्या पन्नास जणांना कळते, पन्नासांना नाही. कोणाले त्याच्याही आधी कळते. उभं असताना वेगळं, बसून वेगळं, आडवं पडलं की वेगळं, अन् कडक फरशीवर आणखी वेगळं. अन् सोसायचं म्हटलं तं तेही वेगळंच. कुठून येते, काहून येते, किती वेळ राहणार, हे माहीत असलं की तेच कंपन माणूस मुकाट सोसते. माहीत नसलं की जीव जाते.

"म्हणजे मी पन्नासातली," मी म्हटलं.

"पन्नासातल्याही पुढची असशील," ती म्हणे. "आवाज येते का सोबत?"

"आवाज कुठून ऐकू येणार, बाई? त्याच वेळी शेजारचं भजन चालते, मुद्दाम."

"रोज त्याच वेळी?"

"बरोब्बर त्याच वेळी. आज तेवढं नाही लावलं."

देवश्री भिंतीकडे पाहतच राहिली. म्हणे, "पलीकडे कोण राहते?" म्हटलं, अध्यक्ष, त्यांनीच तं परवानगी दिली. ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात तिचा फोन आला. जाताना म्हणे, एखाद्या दिवशी न सांगता येते. पण उद्यापासून तिच्या कॉलेजात परीक्षा आहेत, महिनाभर सुटका नाही.

१४ ऑगस्ट

कोणीतरी यशदीपले सगळं कळवलं. चक्कीचं, यंत्राचं, सगळं. रात्री जेवणाच्या वेळी त्याचा फोन आला. आवाज असा मऊ की मले धडकीच भरली. "आई, मशीन ने भी बोल दिया ना कुछ नहीं है. अब ज़िद छोड़ो. सात सितंबर को आ रहा हूँ, आठ की ट्रेन से साथ चलो. अकेले नहीं रहना है अब. फ्लॅट का बाद में देख लेंगे, किसी को दे देंगे."

किसी को दे देंगे! हे घर लहानूनं अन् मी मिळून घेतलं. दाराची चौकट लावली तेव्हा दोघंही सुट्टी घेऊन उभे होतो. मी म्हटलं, येत नाही. तो म्हणे, "टिकट हो गया है." अपर्णा मागून म्हणे, "आई, बच्चों को भी अच्छा लगेगा." भांडता येत नाही असं बोलतात दोघं. मायेनं उचलून न्यायलेच निघाले.

तीन आठवडे आहेत माझ्याकडे.

२७ ऑगस्ट

गणपती आले. आमच्या चौबे कॉलोनीच्या चौकात दुपारपासून धुमालचे ढोल-ताशे अन् डीजे, दोन्ही. ट्रकवर स्पीकरच्या पेट्यांचा मनोरा. आमच्या इमारतीच्या काचा कडकडून राहिल्या, छातीत ठोके आपले की डीजेचे ते समजेना, स्वयंपाकघरातून वाटी घरंगळून खाली पडली. अन् सगळी इमारत गच्चीवर, बाल्कनीत, टाळ्या पिटत! शर्मिष्ठा नाचली, गुलाबराव नाचला. शामरावजी बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या जागी ताल धरून होते. चार तास. एक माणूस बोलला नाही की घर हलते.

अन् माझी बारीकशी थरथर तेवढी म्हातारीच्या डोक्यातली! टाळ्या वाजवता त्याले कंपन म्हणत नाही का तुम्ही? माझं डोकं असं फिरलं की उद्याची वाट न पाहता तिथंच बसून कागद लिहिला अन् जिन्याखालच्या फळ्यावर लावून आली.

"या इमारतीत ज्याच्या घरी पहाटे व संध्याकाळी मशीन चालते त्याने ती तात्काळ बंद करावी. अन्यथा मी ठाण्यात जाईन आणि घराघराची झडती मागेन. मी हलणार नाही. मीराबाई लहानू मेश्राम."

१ सप्टेंबर

बंद झालं. २९ पासून पहाटे नाही, संध्याकाळी नाही. जिंकली मी!

भजनही बंद आहे. तेही घाबरले वाटते.

२ सप्टेंबर

जिंकली म्हणून यशदीपले फोन केला. तो इतका खूश झाला. "देखा आई, दवाई का असर. डॉक्टर ने बोला था महीने भर में ठीक होगा."

म्हणजे चालू होतं तेव्हा मी वेडी, अन् बंद झालं तं मी वेडी होती! आता हलतच नाही तं दाखवू काय? माझ्याच हातानं मी माझा पुरावा मारला. तिकीट आठ तारखेचं आहे. आज दिवसभर जेवण गेलं नाही.

३ सप्टेंबर

आज सगळं लिहायचंच आहे.

पहाटे पडून होती. थरथर नाही, भजन नाही. पावणेसहाले फरशीतून एक धक्का आला. एकच, जड. मग काहीतरी घासत गेल्यासारखं, थांबलं, पुन्हा घासलं. कानाले काही नाही, नुसतं पाठीले. चाळीस पोती एकदम टाकली तरी असं होत नाही. हे माणसाचं पडणं आहे, हे मले तिथंच कळलं. वॉर्डात पलंगावरून पडलेली माणसं मी उचललेली आहेत.

शेजारचं दार ठोठावलं. आतून आवाज आला, "काही नाही, काही नाही."

"काही नाही कसं? तुम्ही पडले शामरावजी."

"तुमाले कोणी सांगितलं?"

"मले जाणवलं. कडी काढा, नाही तं गुलाबरावले बोलावून दार तोडते."

बराच वेळ घासायचा आवाज आला. कडी निघाली. ते जमिनीवर बसलेले, पाठ दाराच्या चौकटीले, डावा पाय कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा बाजूले पडलेला. पाऊल खाली लोंबून होतं. मुरगळला म्हणे! मी पायाले हात लावला अन् सहा महिन्यांचं सगळं एका झटक्यात दिसलं. भिंतीवरचा हात, घामाची बनियन, वर येणारा डबा, बसल्या जागी धरलेला ताल. पट्टी बांधताना जो म्हणते दुखत नाही त्याचीच जखम मी आधी उघडायची. शेजारच्या माणसाची नाही उघडली. माझं सगळं लक्ष माझ्या रागात होतं.

"लकवा?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. होळीच्या आदल्या दिवशी. स्वानंदले एवढंच माहीत आहे की हलका झटका होता अन् सगळं ठीक झालं. खरं कळलं तं तो नागपूरले नेईल अन् हे घर बंद करील. कोणाले कळू नये म्हणून खाली उतरणं बंद केलं. डॉक्टरनं व्यायाम सांगितला. ह्यांनी त्यावर आपल्या मनानं एक मशीन मागवली. डॉक्टर म्हणाला होता, तिचा काही भरवसा देता येत नाही, नका वापरू.

मशीन आतल्या खोलीत होती, माझ्या हॉलच्या भिंतीले लागून, चादरीखाली. पाट्यासारखी, वर धरायले दांडा. उभं राहिलं की पाय थरथरवते. आवाज येऊ नये म्हणून भजन.

"दांडा धरून उभा राहतो जी," ते म्हणे, "तं तेवढा वेळ पाय आपला वाटते. आधी दोन मिनिटं उभं राहवत नव्हतं. चौदावर आलो होतो." मग खाली पाहून म्हणे, "तुमचा कागद डबेवाल्यानं वाचून सांगितला. ठाण्याचं ऐकून बंद केली. पाच दिवसांत पाहा, संडासापर्यंतही धड जाता येत नाही."

मी इतकी चिडली की त्यांना उठवायचंही विसरली. "अन् ते पत्र? पाहणी केली म्हणून सही ठोकली ते? तुमच्या एका सहीनं माझं घर चाललं ना जी! पोरगा मले वेडी समजून न्यायले येऊन राहिला. यशदीपले फोनही तुम्हीच केला ना?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. रडायले लागले. सत्तर वर्षांचा माणूस, अध्यक्ष, फरशीवर बसून रडला. म्हणे, "मीराबाई, भ्यालो मी. तुमाले रोज कळून राहिलं होतं, अन् मले वाटे आता पकडला जातो. मी आजच यशदीपले खरं सांगतो."

मी पाणी आणून दिलं. काखेत हात घालून, त्यांचा चांगला पाय माझ्या पायाले अडवून, खुर्चीवर बसवलं. ते करता करता डोकं थंड झालं. यशदीप अन् स्वानंद शाळेपासूनचे दोस्त. यशदीपले कळलं की तासाभरात नागपूरले कळणार. मग यांचं घर बंद, अन् ते पाहून यशदीप मलेही एकटी राहू देणार नाही, म्हणजे दोन्ही घरं बंद. एकाची रवानगी हैदराबादले मायेनं, दुसऱ्याची नागपूरले मायेनं.

"कोणाले काही सांगायचं नाही," मी म्हटलं. "मशीनचा फायदा आहे की नाही, मले माहीत नाही. पण तिच्या नावानं तुम्ही दोन वेळा उभे राहता, तेवढं मले दिसते. उद्या पाच दहाले चालू करा. दाराची कडी लावायची नाही. पायात ती घसरती चप्पल नको. थांबलं अन् पुन्हा लागलं नाही, तं मी आत येणार. अन् ते भजन बंद करा, माझी वंदना चुकते."

"तुमाले त्रास होईल," ते म्हणे.

"त्रासाचं मी पाहते. तुम्ही उभे राहा."

५ सप्टेंबर

५.१० ते ५.१६. भजन नाही. बारीक गुणगुण येते भिंतीतून. काल चारच मिनिटं होती.

फरशी तीच, थरथरही तीच. पण काल-आज मले तिचा त्रास झाला नाही. घड्याळ हातात धरून मोजत पडली, अन् बंद झाली तं वाटलं, बस? एवढ्यातच?

७ सप्टेंबर, रविवार, पौर्णिमा

अष्टशील. यशदीप आला. वाळला आहे. येताच माझ्या कपाटावरची गादी पाहिली अन् म्हणे, "ये क्या हाल बनाया है." बॅग भरायले घेतली माझी. साड्या घड्या करत होता पोट्टा, एकेक नीट. मी भरू दिलं. दुपारी मी उपाशी, तो जेवला, मी वाढलं.

संध्याकाळी त्याले म्हटलं, "तुझ्याबरोबर येते की नाही ते उद्या पहाटे ठरवू. एक काम कर. रात्री पलंगावर झोप, पण पाचले माझ्या बाजूले फरशीवर येऊन पड. मग जे म्हणशील ते." तो म्हणे, "आई, फिर वही." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणे, "ठीक है. एक बार."

शेजारी काही सांगितलं नाही. सांगून केलेलं मले नको होतं.

८ सप्टेंबर, सोमवार

पाचले उठवला. सतरंजीवर आडवा झाला अन् कुरकुरला, "कमर टूट जाएगी, कैसे सोती हो." म्हटलं, बोलू नको, हात-पाय सैल सोड, डोकं टेकव. गाडी साडेनऊची. बॅग दारात उभी होती.

पाच दहा झाले. काही नाही. अकरा झाले. बाजूले यशदीपनं हळूच उसासा टाकला, दया केल्यासारखा. तेवढ्यात थरथर आली.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही, वर छताकडे पाहत राहिली. त्याचा श्वास थांबला. त्यानं डोकं उचललं, पुन्हा टेकवलं. तळहात फरशीवर दाबला. उठून बसला, पुन्हा आडवा झाला. दीड महिना मीही हेच केलं होतं.

"आई," तो म्हणे, "ये तो... सच में."

"हव."

"रोज़?"

"दोन वेळा."

तो उठायले लागला. "कौन है? बगल वाले हैं क्या? अभी बंद करवाता हूँ. रिपोर्ट डालेंगे." मी त्याचं मनगट पकडलं. ड्रेसरची पकड आहे, अजून सुटत नाही. म्हटलं, "कोण आहे ते मले माहीत आहे. तुले सांगणार नाही. बंद करायचं नाही."

"इतना झेला, और अब बंद नहीं करना?"

"तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

तो पुन्हा आडवा झाला. अन् सात मिनिटांवर ती थांबली.

एकदम. मधातच. मी मोजायले लागली. एक, दोन, तीन. पाठ फरशीले दाबून धरली, धक्का येते का म्हणून. दहा. माझा हात त्याच्या मनगटावर किती घट्ट झाला ते मले समजलं नाही. "आई, क्या हुआ?" तो म्हणे. म्हटलं, चूप. पंधरा. उठायले कोपर टेकवलं. वीस.

सुरू झाली. आधी अडखळत, मग एकसारखी.

"शाब्बास!" मी म्हटलं. मोठ्यानं निघालं तोंडातून.

यशदीप म्हणे, "किसको बोल रही हो?"

"तुले नाही," मी म्हटलं. "तू माझं तिकीट रद्द कर."